मीठपाण्यापासून परकोलपर्यंत: घनतेवर निवड कशी करावी

मे संपत आला की भोर आणि वेल्ह्याच्या भातपट्ट्यात बियाण्याची पोती सोडली जातात. (वेल्हे तालुका कागदोपत्री आता राजगड झालाय, पण बोलण्यात अजून वेल्हंच आहे.) इंद्रायणी असो की आंबेमोहोर, घरचं बियाणं तरव्याला टाकण्याआधी मीठपाण्यातून काढा, असं कृषी विभाग वर्षानुवर्षं सांगत आलाय. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ, म्हणजे ३ टक्क्यांचं द्रावण. त्यात भात ओतायचं, ढवळायचं, वर तरंगेल ते पोचट काढून टाकायचं. तळाशी बसलेलं दोन-तीनदा स्वच्छ पाण्यानं धुवायचं आणि सावलीत २४ तास वाळवायचं. बरेच शेतकरी हे करतात. का करायचं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही, त्यामुळे कुठे काटेकोर राहायचं आणि कुठे चाललं तर चालेल, हे कळत नाही.

रक्तातून लिम्फोसाइट वेगळ्या काढताना किंवा पानातून हरितलवक काढताना प्रयोगशाळेत नेमकं हेच करतात. भोर, नसरापूर, वेल्ह्यातून पुण्यात बायोटेक नाहीतर मायक्रोबायॉलॉजी शिकायला गेलेली मुलं पहिल्याच सत्रात फायकॉल, परकोल, सेंट्रिफ्यूज या शब्दांनी गांगरतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे आणि त्यांना बारावीपर्यंत शिकवणाऱ्या शिक्षकांसाठीही. सगळं लक्ष यंत्राकडे जातं, ही पहिली अडचण. यंत्र फक्त घाई करतं. कोण वर राहणार आणि कोण खाली जाणार, हे ठरवतो द्रव. त्याची घनता, त्यातलं क्षाराचं प्रमाण आणि तापमान बरोबर असेल, तर जुनाट सेंट्रिफ्यूजवरही चांगलं काम निघतं. ते चुकलं, तर लाखोंचं यंत्रही उपयोगाचं नाही.

आधी बियाण्याचं पुरतं समजून घेऊ. ३ टक्के मीठपाण्याची घनता साधारण १.०२ असते, म्हणजे साध्या पाण्यापेक्षा जेमतेम जास्त. त्यात तरंगतात ते अगदी पोकळ किंवा अर्धेमुर्धे भरलेले दाणे. जपानमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस योकोई तोकियोशी यांनी मीठपाण्याच्या निवडीचा प्रचार केला. तिथे साध्या भातासाठी १.१३ घनतेचं पाणी घेतात, म्हणजे लिटरभर पाण्यात २०० ग्रॅमहून जास्त मीठ. या पाण्यात आपल्याकडचे बरेच 'चांगले' दाणेही वर येतील. कोणतं योग्य? बियाणं मोजकंच असेल तर आपली ३ टक्क्यांची शिफारसच पाळावी. भरपूर असेल आणि फक्त टपोरा दाणा हवा असेल, तर एखाद्या पायलीवर जास्त घनतेचं पाणी वापरून पाहायला हरकत नाही. मात्र मीठ जितकं जास्त, तितका दाणा त्यात कमी वेळ ठेवायचा आणि नंतर तितकाच नीट धुवायचा. मीठ राहिलं की उगवण मार खाते.

इथे होणाऱ्या चुका पुढे प्रयोगशाळेतही जशाच्या तशा होतात. भात ओतल्यावर न ढवळता लगेच वरचं काढलं, तर तुसाला चिकटलेल्या हवेच्या बुडबुड्यांमुळे चांगले दाणेही तरंगतात आणि फुकट जातात. मिठाचे खडे पुरते विरघळले नसतील, तर वरचं पाणी पातळ आणि तळाचं दाट राहतं. एकाच पाण्यात पोत्यामागून पोतं काढलं, तर शेवटी ते किती टक्क्यांचं उरलं याचा कुणालाच पत्ता नसतो. विकत आणलेलं बियाणं औषध लावून आलेलं असेल, तर ते मीठपाण्यात अजिबात घालू नये, औषधच धुऊन जाईल.

शाळेत यापुढचा प्रयोग विजेशिवाय करता येतो. लिटरभराचा उंच मोजसिलिंडर घ्या. तो नसेल तर सरळ, उंच, पारदर्शक बाटलीही चालेल. वजनाने ५, १०, १५ आणि २० टक्क्यांची मीठद्रावणं करा. १० टक्के म्हणजे १०० ग्रॅम मीठ आणि ९०० ग्रॅम पाणी. शिवाय एक संपृक्त द्रावण करा, ज्यात आणखी मीठ विरघळत नाही ते. त्यांच्या घनता साधारण १.०३, १.०७, १.११, १.१५ आणि १.२० येतात. एकाआड एक द्रावणात खाण्याचा रंग घाला. सगळ्यात दाट द्रावण तळाशी ओता. पुढचं प्रत्येक सिरिंजने काचेच्या कडेवरून हळूहळू सोडा आणि शेवटी वर साधं पाणी. सिरिंजचं टोक द्रवाच्या पृष्ठभागाला लागून ठेवलं तर थर सहसा मिसळत नाहीत. उंचावरून सोडलं तर मिसळतातच. आता साबणाच्या पाण्यात क्षणभर बुडवलेले मूठभर दाणे एकेक करून सोडा. पोकळ दाणा वरच थांबतो, कुठला मधल्या थरांच्या सीमेवर अडकतो, भरलेला पार तळापर्यंत जातो. हा घनतेचा ग्रेडियंट. प्रत्येक दाणा त्याच्या स्वतःच्या घनतेएवढा द्रव भेटेपर्यंत उतरतो आणि तिथे थांबतो. तास-दोन तासांत मीठ हळूहळू मिसळत जातं आणि दाणेही पाणी पितात, म्हणून निरीक्षण लवकर उरकावं.

मग पेशींसाठी सेंट्रिफ्यूज कशाला लागतो? आकारामुळे. द्रवात बुडणाऱ्या सूक्ष्म कणाचा वेग ढोबळमानाने त्याच्या व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. व्यास शंभरपट लहान झाला, तर वेग दहा हजारपट कमी. लिम्फोसाइट ७ ते १० मायक्रोमीटरची. ती नुसत्या गुरुत्वाकर्षणाने थर ओलांडायला बसली, तर तोवर थरच मिसळून जातील. मायटोकॉन्ड्रिया एखाद्या मायक्रोमीटरचा, त्याला आणखी जोर हवा. म्हणून पेशींना शेकड्यांत जी (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तितकेपट जोर) लागतात, मायटोकॉन्ड्रियाला हजारांत आणि पटलांच्या बारीक तुकड्यांना लाखभर.

हे 'जी' आणि यंत्रावर दिसणारे फेरे, म्हणजे आरपीएम, एकच समजण्याची चूक फार सर्रास होते. वरच्या वर्गातला मुलगा वहीत "१५०० वर ३० मिनिटं" लिहून ठेवतो आणि दुसऱ्या यंत्रावर तेच करतो. सूत्र पाठ असू द्या: जी = ०.००००१११८ × त्रिज्या (सेंटिमीटरमध्ये) × आरपीएमचा वर्ग. त्रिज्या १५ सेंटिमीटर असेल, तर साधारण १५५० फेऱ्यांना ४०० जी मिळतात. त्रिज्या १० सेंटिमीटर असलेल्या लहान यंत्रावर तेवढ्यासाठी १८९० फेरे लागतात. १५५० वर ते यंत्र जेमतेम २७० जी देतं आणि थर अर्धवट राहतात. रोटरची त्रिज्या एकदा पट्टीने मोजून यंत्रावर चिकटवून ठेवा.

आता रक्त. मानवी रक्तातल्या लिम्फोसाइट आणि मोनोसाइट यांची घनता १.०७७ च्या खाली असते. ग्रॅन्युलोसाइट आणि तांबड्या पेशी त्याहून जड. म्हणून १.०७७ घनतेचा एकच थर मध्ये ठेवला की दोन गट पडतात. नॉर्वेच्या आर्ने बॉयुम यांनी १९६८ मध्ये ही पद्धत मांडली. आज बाजारात मिळणारं फायकॉल-पाक किंवा हिस्टोपाक-१०७७ त्याच पद्धतीवर चालतं. फायकॉल हा साखरेचा प्रचंड मोठा रेणू आहे. तो तांबड्या पेशींच्या गुठळ्या करतो, त्यामुळे त्या झपाट्याने तळाला जातात. द्रावणाची घनता वाढवण्यासाठी त्यात एक आयोडीनयुक्त क्षारही असतो.

गोठू नये म्हणून हेपॅरिन किंवा ईडीटीए घातलेलं ताजं रक्त घ्या. ते प्रशिक्षित माणसाकडूनच काढून घ्यायचं, आणि संशोधनासाठी असेल तर आचारसमितीची परवानगी आधी. कॉलेजच्या प्रात्यक्षिकात मुलांनी एकमेकांचं रक्त काढण्याचा उत्साह दाखवू नये. रक्तात तेवढंच फॉस्फेट बफर सलाइन मिसळून पातळ करा. १५ मिलिलिटरच्या नळीत ३ मिलिलिटर फायकॉल घाला आणि आता सगळं लक्ष हाताकडे. नळी साधारण ४५ अंशांत तिरकी धरा. पिपेटचं टोक नळीच्या आतल्या भिंतीला, फायकॉलच्या पातळीच्या किंचित वर टेकवा आणि रक्त भिंतीवरून घसरत येईल एवढंच सोडा. पहिले चार-पाच थेंब सगळ्यात महत्त्वाचे. ते फायकॉलवर पसरले आणि तांबडी पातळ चादर तयार झाली, की पुढचे ४ मिलिलिटर थोड्या धिटाईने सोडता येतात. सीमेवर तांबडे धागे खाली ओघळताना दिसले तर थर फुटला. ती नळी बाजूला ठेवा आणि नवी घ्या. फुटलेल्या थरावर सेंट्रिफ्यूज चालवून काही हाती लागत नाही.

मग ४०० जी, ३० ते ४० मिनिटं, १८ ते २० अंश तापमान, बाहेर झुलणारा रोटर आणि ब्रेक बंद. शेवटच्या तीन गोष्टींवर जास्त बोलायला हवं. स्थिर कोनाच्या रोटरमध्ये थर तिरके बसतात आणि थांबताना सरकतात, म्हणून झुलणारा हवा. ब्रेक लावला की झटक्यासरशी द्रव घुसळतो आणि इतका वेळ जमवलेली पेशींची कडी विस्कटते. तापमानाचं गणित मात्र अनेकांना उलटं वाटतं, कारण पेशी म्हटलं की बर्फ हे डोक्यात बसलेलं असतं. ४ अंशांना तांबड्या पेशींच्या गुठळ्या हळूहळू होतात, वेगळं होण्यास वेळ लागतो आणि पेशी कमी मिळतात. ३७ अंशांना गुठळ्या झपाट्याने होतात, पण लिम्फोसाइट त्यांत अडकून खाली जातात. १८ ते २० हा मधला मार्ग आहे. उन्हाळ्यात एसी नसलेल्या खोलीत ३५ अंशांवर काम करणाऱ्यांनी निकाल बिघडले की आधी तापमापक पाहावा. फायकॉलही फ्रिजमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावं, कारण थंड द्रवाची घनता छापील आकड्याहून जास्त असते.

पावसाळ्यात वीज गेली तर? झुलणारा रोटर स्वतःच्या वेगाने हळूहळू थांबतो, म्हणजे ब्रेक न लावल्यासारखंच. झाकण उघडू नका, नळ्या हलवू नका. वीज आल्यावर उरलेला वेळ पूर्ण करा. अर्धा तास खंड पडला म्हणून सगळं टाकून द्यायची गरज नाही.

नळी बाहेर काढली की वरून खाली असं दिसतं: पिवळसर प्लाझ्मा आणि त्यात प्लेटलेट, मग दुधी रंगाची पातळ कडी, खाली स्वच्छ फायकॉल, तळाशी तांबड्या पेशी आणि त्यांच्यावर ग्रॅन्युलोसाइट. आपल्याला ती कडी हवी. पाश्चर पिपेटचं टोक कडीला टेकवून गोल फिरवत ती ओढून घ्या. हावरेपणाने खालचं फायकॉल जास्त ओढलं तर ग्रॅन्युलोसाइट येतात, वरचा प्लाझ्मा ओढला तर प्लेटलेट. मग किमान तिप्पट बफर घालून ३०० जीला १० मिनिटं धुवा आणि बफर बदलून पुन्हा धुवा. या वेळी वेग कमी ठेवलात, २०० जीच्या आत, तर प्लेटलेट वरच राहतात आणि ओतून टाकता येतात. निरोगी माणसाच्या एका मिलिलिटर रक्तातून साधारण दहा लाख पेशी मिळतात. ट्रायपॅन ब्लू घालून सूक्ष्मदर्शकाखाली मोजा. निळ्या झालेल्या पेशी मेलेल्या. त्यांचं प्रमाण ५ टक्क्यांहून जास्त दिसलं तर रक्त जुनं होतं, नाहीतर धुताना हात जड पडला.

वेल्ह्यातून किंवा भोरच्या पश्चिम टोकाच्या गावांतून पुण्याला नमुने आणायचे असतील, तर एक गोष्ट आधीच ठरवा: त्याच दिवशी काम होणार की नाही. रक्त बर्फावर रात्रभर राहिलं की ग्रॅन्युलोसाइट उत्तेजित होतात, त्यांची घनता उतरते आणि ते दुधी कडीतच येऊन बसतात. त्यांना पुन्हा वेगळं काढता येत नाही. म्हणून नमुना सामान्य तापमानाला, उन्हापासून जपून आणा आणि सहा-आठ तासांत थर लावा. वापरलेल्या नळ्या आणि उरलेलं रक्त १ टक्का हायपोक्लोराइटमध्ये बुडवून जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम २०१६ प्रमाणे पिशव्यांत. बेसिनमध्ये ओतायचं नाही.

हे सगळं १.०७७ या एका आकड्यावर उभं आहे आणि तो आकडा माणसाच्या रक्ताचा आहे. उंदराच्या पेशींसाठी १.०८४ चं माध्यम वापरतात. कसायाकडून बोकडाचं रक्त आणून मानवी फायकॉलवर टाकलं, तर कडी येईल, पण त्यात काय आहे ते छातीठोकपणे सांगता येणार नाही. कोंबडीच्या तांबड्या पेशींत तर केंद्रकच असतं, मोजताना त्या पांढऱ्या समजल्या जातात.

पेशीच्या आतले भाग काढायचे, तर माध्यम बदलावं लागतं. सुक्रोजचा ग्रेडियंट मायरन ब्राक यांनी १९५१ मध्ये बटाट्याच्या एका विषाणूसाठी वापरला. आजही विषाणू शुद्ध करायला तो हातखंडा आहे. सीझियम क्लोराइडवर १९५८ मध्ये मेसेलसन आणि स्टाल यांनी जड नायट्रोजनचा आणि हलक्या नायट्रोजनचा डीएनए वेगळा पाडून दाखवला. सुक्रोज स्वस्त, सगळीकडे मिळणारं, पण त्यात एक खोट आहे. घनता वाढवायची तर इतकी साखर लागते की द्रावण पेशीतल्या भागांतून पाणी ओढून घेतं. मायटोकॉन्ड्रिया सुकतो आणि १.१९ च्या आसपास जाऊन बसतो. हाच मायटोकॉन्ड्रिया परकोलमध्ये १.१ च्या जवळपास तरंगतो. वस्तू तीच, आकडे दोन. माध्यमाचं नाव न लिहिता नुसती घनता वहीत लिहिली तर ती निरुपयोगी, ती याच कारणाने.

परकोल हे सिलिकाचे कण असलेलं माध्यम १९७७ मध्ये आलं. त्याची स्वतःची घनता १.१३ आणि ते पाणी ओढत नाही. पण तसंच्या तसं वापरलं तर त्यात क्षार नसल्यामुळे पेशी फुगून फुटतात. म्हणून आधी ९ भाग परकोलमध्ये १ भाग १.५ मोलर मीठद्रावण मिसळून साठा बनवतात. त्यातला साधारण ६१ मिलिलिटर साठा आणि ३९ मिलिलिटर साधं सलाइन मिळून १.०७७ चं द्रावण होतं. मीठ घातलेलं परकोल ऑटोक्लेव्ह करायचं नाही, गोळे होतात. निर्जंतुक करायचं ते मीठ घालण्याआधी.

भोरसारख्या ठिकाणच्या कॉलेजला रक्तापेक्षा सोपा आणि निर्धोक प्रयोग म्हणजे हरितलवक. भाताची पानं समोर असली तरी त्यांचा मोह टाळा. त्यांत सिलिका भरपूर, वाटताना ती काचेसारखी कापते. पालक घ्या आणि आदल्या रात्री अंधारात ठेवा. प्रकाशात ठेवलेल्या पानांच्या हरितलवकात स्टार्चचे कण असतात आणि सेंट्रिफ्यूजमध्ये ते आतून आवरण फाडून बाहेर येतात. मग ०.३३ मोलर सॉर्बिटॉल, पीएच ७.६ चा बफर, थोडं ईडीटीए आणि मॅग्नेशियम क्लोराइड हे बर्फासारखं थंड करून त्यात पानं वाटा. रक्ताच्या उलट इथे थंडीच हवी. मिक्सर दोन-तीन सेकंदच फिरवा. हिरवा रस चांगला निघावा म्हणून जितकं जास्त वाटाल, तितके हरितलवक फुटतात. मलमलच्या कापडाच्या चार घड्यांतून गाळा, २००० जीला ३ मिनिटं फिरवा आणि तळाचा हिरवा गोळा मऊ रंगाच्या ब्रशने थोड्या बफरमध्ये सोडवा. पिपेटने जोरात वर-खाली करू नका.

नळीत खाली ८० टक्के आणि वर ४० टक्के परकोल असे दोन थर लावा. दोन्हींत सॉर्बिटॉल-बफर घातलेला हवा. त्यावर हिरवं द्रावण सोडून ३००० जीला १० ते १५ मिनिटं, ब्रेक बंद. फुटलेले हरितलवक ४० टक्क्यांच्या वर हिरवट पट्टा करून थांबतात. धड असलेले दोन थरांच्या मधल्या सीमेवर दाट हिरवी रेघ करतात. ती रेघ तिप्पट-चौपट बफरमध्ये घ्या, पुन्हा २००० जीला ३ मिनिटं फिरवून परकोल धुऊन टाका. फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली आवरण शाबूत असलेले हरितलवक चमकदार दिसतात, आवरण गेलेले काळपट आणि दाणेदार. अर्ध्याहून जास्त काळपट असतील, तर पुढच्या खेपेला वाटण्याची वेळ कमी करा. तयार हरितलवक बर्फावर, अंधारात ठेवून तासाभरात वापरून टाका. दुपारच्या जेवणानंतर पुढचं काम करू म्हटलंत तर ते वापरण्याजोगे राहत नाहीत.